उष्टे दाणे : ब्रिटनच्या परसबागांमधल्या ग्रीनफिंचचं प्रकरण

आजारी ग्रीनफिंच पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा पक्षी भलताच धीट झालाय. माणूस दोन हातांवर आला तरी उडत नाही. पिसं फुलवून, अंग गोळा करून फीडरच्या, म्हणजे पक्ष्यांसाठी बागेत टांगलेल्या, खाली ताटली असलेल्या दाण्यांच्या भांड्याच्या काठावर बसून राहतो. चोच सारखी हलत असते, त्यामुळे खातोय असंच वाटतं. थोडं निरखून पाहिलं की कळतं, बी तोंडात नुसती घोळतेय, घशाखाली उतरत नाहीये. चोचीभोवतीची पिसं लाळेनं ओली होऊन चिकटलेली असतात. चघळलेला लगदा चोचीच्या कडेनं बाहेर येतो आणि पुन्हा त्याच ताटलीत पडतो. समोर सूर्यफुलाच्या बियांचा ढीग असताना हा पक्षी उपासमारीनं मरत असतो, आणि त्या लगद्यातून त्याचा आजार शेजारच्या पक्ष्याकडे जात असतो.

ब्रिटनमध्ये हे दृश्य २००५ नंतर दिसू लागलं. त्याआधी ग्रीनफिंच हा तिथल्या घरामागच्या बागांमधला नेहमीचा पाहुणा होता. आकार चिमणीएवढा, रंग शेवाळी हिरवा, पंखाच्या कडेला पिवळी पट्टी, चोच जाडजूड. तो दुर्मीळ होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण थोड्याच वर्षांत त्याची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली आणि घसरण तिथेही थांबली नाही. २०२१ मध्ये ब्रिटनच्या पक्षीसंवर्धन यादीचा नवा आढावा निघाला, तेव्हा हा पक्षी हिरव्या, म्हणजे काळजी नसलेल्यांच्या यादीतून थेट लाल, म्हणजे सर्वाधिक काळजीच्या यादीत गेला. मधल्या अंबर यादीत तो थांबलासुद्धा नाही.

हिवाळ्यात पक्ष्यांना दाणे घालावेत की घालू नयेत, यावरचे वाद बहुतेक वेळा भावनेवर चालतात. एका बाजूला भूतदया, दुसऱ्या बाजूला ‘निसर्गात ढवळाढवळ नको’. ग्रीनफिंचच्या प्रकरणात मात्र मोजलेले आकडे आहेत, शवविच्छेदनाचे अहवाल आहेत, आणि दाणे घातल्याचा फायदा नि तोटा दोन्ही एकाच फीडरवर दिसतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: घात दाण्यांनी केला नाही, उष्ट्या ताटलीनं केला. दाणे घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फीडर भरणं हेच आपलं काम मानलं. तो घासणंही त्याच कामाचा अर्धा भाग होता.

दाण्यांची गरज खरी होती

डिसेंबरात लंडनमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. उरलेली सोळा तासांची रात्र ब्लू टिटसारख्या पक्ष्याला काढायची असते, आणि त्याचं वजन असतं अकरा ग्रॅमच्या आसपास. अंग गरम ठेवण्यातच एका थंड रात्रीत त्याचं पाच ते दहा टक्के वजन खर्ची पडतं. दिवसाच्या आठ तासांत ते भरून काढलं नाही तर पुढची रात्र निभावत नाही. त्यामुळे थंडीत उघड्यावर ठेवलेली मूठभर तेलबी त्याच्यासाठी चैन नसते.

ब्रिटनमध्ये लोकांनी हे फार पूर्वीच ओळखलं. १८९०-९१ च्या कडक हिवाळ्यात वर्तमानपत्रांनी पक्ष्यांसाठी अन्न बाहेर ठेवा असं आवाहन केलं होतं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात बर्फ महिनोन्‌महिने हटला नाही, आणि रेन या चिमुकल्या पक्ष्याची संख्या पार कोसळली. ती आठवण तिथल्या पक्षीनिरीक्षकांच्या मनातून गेलेली नाही. आज तिथल्या साधारण निम्म्या घरांत पक्ष्यांना काही ना काही घातलं जातं.

दरम्यान शेतीही बदलली. पूर्वी कापणी झाल्यावर शेतात धसकटं हिवाळाभर तशीच राहायची आणि सांडलेलं धान्य, तणांच्या बिया यांवर फिंच कुळातले पक्षी थव्यानं जगायचे. पेरणी शरद ऋतूत होऊ लागली, तणनाशकं आली, आणि थंडीतलं ते मोकळं कोठार बंद झालं. त्याच सुमारास बाजारात पक्ष्यांसाठी खास खाद्य येऊ लागलं: काळी सूर्यफुलाची बी, शेंगदाणे, चरबीचे गोळे, नायजर बी. ग्रीनफिंच शेतातून उठून बागेत आला, यात नवल काहीच नाही.

या खाद्यानं काय घडू शकतं, याचा पुरावा त्याच्याच कुळातल्या गोल्डफिंचनं दिला. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी, म्हणजे बीटीओ, १९७० पासून दर हिवाळ्यात बागांमधल्या फीडरवरच्या पक्ष्यांची नोंद स्वयंसेवकांकडून घेते. त्या नोंदींवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोल्डफिंच फक्त ८ टक्के बागांत येत होता, चाळीस वर्षांनी तो ८७ टक्के बागांत येऊ लागला. दाणे घातल्यानं एखाद्या देशातल्या पक्ष्यांची अख्खी मांडणी बदलते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच मोजलं गेलं असेल. म्हणून ‘दाणे घालून काही फरक पडत नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही. फरक पडतो. प्रश्न आहे तो कोणत्या दिशेनं पडतो याचा.

साथ

२००५ मध्ये काही फिंच मेलेले सापडले आणि त्यांच्या घशात पिवळट, चीजसारखा घट्ट थर दिसला. पुढच्याच वर्षी, २००६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, इंग्लंडच्या पश्चिम आणि मध्य भागातून मेलेल्या ग्रीनफिंचच्या बातम्या ढिगानं येऊ लागल्या. बागांमधल्या पक्ष्यांच्या आजारांवर नजर ठेवण्याची यंत्रणा सुदैवानं तोवर उभी राहिली होती. लोक बागेत सापडलेला मेलेला पक्षी कळवायचे, काही पक्षी तपासणीला पाठवायचे, आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतले पशुवैद्य त्यांचं शवविच्छेदन करायचे. दुसरीकडे बीटीओचे स्वयंसेवक आपापल्या बागेत आठवड्याला किती पक्षी आले ते लिहीत होते. मेलेल्यांची नोंद एकीकडे, जिवंतांची दुसरीकडे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर चित्र लख्ख झालं.

२००७ च्या विणीच्या हंगामात, जिथे रोगाचा जोर सर्वांत जास्त होता त्या भागात, ग्रीनफिंच ३५ टक्क्यांनी आणि त्याच्याच कुळातले चॅफिंच २१ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे पाच लाखांहून जास्त पक्षी. एरवी रानपक्ष्यांमधली साथ अशी डोळ्यांसमोर मोजता येत नाही. मेलेला पक्षी झुडपात पडतो, रात्रीतून कोल्हा किंवा मांजर उचलून नेते, आणि संख्या घटल्याचं कळतं तेव्हा कारण सापडत नाही. इथे कारण हाताशी होतं, आणि त्याचं श्रेय रविवारी सकाळी खिडकीत वही घेऊन बसणाऱ्या सामान्य माणसांना जातं.

कारण होतं ट्रायकोमोनास गॅलिनी नावाचा एकपेशीय परजीवी. तो काही नवा नव्हता. कबुतरं पाळणारे त्याला ‘कँकर’ म्हणून ओळखतात. ससाणे पाळणारे त्याच रोगाला ‘फ्राउन्स’ म्हणतात, कारण आजारी कबूतर खाल्लं की ससाण्यालाही तो होतो. पिढ्यान्‌पिढ्या हा परजीवी कबुतरांच्या घशात मुक्कामाला आहे. कबुतराची मादी आणि नर दोघंही गळ्याजवळच्या धान्यपिशवीत तयार होणारा दुधासारखा द्रव पिलांच्या तोंडात घालतात, आणि त्याबरोबर परजीवीही पिलांकडे जातो. कबुतरं त्याच्यासह बऱ्यापैकी जगतात. फिंचना मात्र त्याची सवय नव्हती. तो फिंचमध्ये कसा शिरला याचा माग काढताना संशोधकांचं बोट वुड पिजनकडे गेलं. गेल्या काही दशकांत या धष्टपुष्ट रानकबुतरानं ब्रिटनच्या बागांमध्ये बस्तान बसवलं आहे. ते बर्ड टेबलवर, म्हणजे दाणे मांडायला खांबावर बसवलेल्या उघड्या फळीवर उभं राहून पोटभर खातं, आणि त्याच सपाट फळीवर फिंचही उतरतात. एरवी रानात या दोघांची चोच एकाच दाण्याला क्वचितच लागली असती. आम्ही त्यांची एका ताटात पंगत बसवली.

जनुकीय तपासणीत फिंचमधला परजीवी सगळीकडे एकाच वंशाचा निघाला. म्हणजे ठिकठिकाणी वेगवेगळ्या कबुतरांकडून रोग येत नव्हता. एकदा उडी मारल्यावर तो फिंचकडून फिंचकडेच पसरत गेला. २००८ मध्ये तो दक्षिण स्कँडिनेव्हियात पोचला. स्कँडिनेव्हियातले चॅफिंच हिवाळा काढायला ब्रिटनमध्ये येतात आणि वसंतात परत जातात. रोग त्यांच्याच घशातून समुद्रापलीकडे गेला, असा संशोधकांचा अंदाज आहे. एखाद्या इंग्लिश बागेतला न घासलेला फीडर आणि स्वीडनमधला मेलेला पक्षी यांच्यात इतकं थेट नातं असेल, असं वाटत नाही, पण ते असण्याची दाट शक्यता आहे.

ग्रीनफिंचच का?

याचं उत्तर मिळवायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. फीडरपाशी पंधरा मिनिटं बसलं तरी अर्धं उत्तर सापडतं.

ब्लू टिट किंवा ग्रेट टिट येतो तो झपकन. एक बी उचलतो आणि उडतो. जवळच्या फांदीवर जाऊन ती बी पायांखाली धरतो, चोचीनं फोडतो, खातो आणि पुन्हा येतो. त्याचं जेवण बाहेर होतं, फीडरशी संबंध फक्त उचलण्यापुरता. ग्रीनफिंचची रीत निराळी. तो आला की ठिय्या मांडतो. फीडरच्या नळीला दाणे टिपण्यासाठी भोकं असतात, त्यातलं एक पकडून बसतो आणि हलत नाही. बी चोचीत घेतली की ती जिभेनं फिरवत जबड्याच्या धारेवर आणतो, टरफल फोडतो, गर काढतो, टरफल तिथल्या तिथे टाकतो. बी मनासारखी नसली तर अख्खी टाकून दुसरी घेतो. दुसरा ग्रीनफिंच जवळ आला तर चोच वासून त्याला दटावतो, आणि तो हटला नाही तर दोघं तिथेच शेजारी बसून खातात. खालच्या ताटलीत ओल्या टरफलांचा, अर्धवट चावलेल्या बियांचा आणि विष्ठेचा थर साचत जातो. त्यात जमिनीवर टिपणारे चॅफिंच येतात, कबुतरं येतात आणि तेच उष्टं खातात.

या परजीवीला कवच नसतं. उघड्यावर, कोरड्या पृष्ठभागावर तो लवकर मरतो. पण लाळेनं ओला झालेला दाणा, पावसात भिजलेला लगदा, पक्ष्यांच्या आंघोळीच्या उथळ भांड्यातलं पाणी, यांत तो दुसरी चोच लागेपर्यंत तग धरतो. ब्रिटनच्या हवेत बर्ड टेबलची फळी किती दिवस कोरडी राहते, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. छप्पर नसलेल्या सपाट फळीची रचना जणू या परजीवीनंच सांगून करून घेतली असावी, इतकी ती त्याच्या सोयीची आहे.

आता एक गोष्ट जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. साथीचा जोर हिवाळ्यात नव्हता. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, विणीनंतर कोवळे पक्षी थव्यात सामील झालेले असताना, मृत्यू सर्वाधिक होत होते. जुन्या काळी ब्रिटनमध्येही दाणे घालणं ही हिवाळ्यातलीच रीत होती. उन्हाळ्यात फीडर रिकामे असायचे. पुढे वर्षभर दाणे घालावेत असा सल्ला रूढ झाला, खाद्य विकणाऱ्यांनी तो उचलून धरला, आणि फीडर बारा महिने भरलेले राहू लागले. थंडीतली मदत म्हणून जे सुरू झालं ते कायमचं अन्नछत्र झालं. अन्नाची खरी टंचाई जानेवारीत असते, सप्टेंबरात शेतं नि झुडपं बियांनी लगडलेली असतात. त्या दिवसांत फीडरवर जमणारी गर्दी गरजेपोटी जमत नाही, सोयीपोटी जमते.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं पुढचा धागा जोडला. ग्रीनफिंच आणि चॅफिंच दोघांच्याही घसरणीमागे पिलं कमी होणं हे कारण नसून प्रौढ पक्षी जास्त मरणं हे कारण आहे, आणि माणसांच्या वस्तीला लागून असलेल्या भागांत ही घसरण जास्त तीव्र आहे, असं त्यात दिसलं. बागेत सुरक्षित आणि रानात असुरक्षित, ही आपली समजूत या दोन पक्ष्यांनी उलटी करून दाखवली.

मग बंद करायचं का?

बंद करायला माझा विरोध नाही, पण ‘बंद केलं तर बिचारे उपाशी मरतील’ या भीतीपायी चालू ठेवायला आहे. ही भीती मोजून पाहिली गेली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅनली टेंपल यांनी चिकडी या टिटच्या चुलतभावावर अभ्यास केला. फीडर असलेल्या भागात ६९ टक्के चिकडी हिवाळा पार करून गेले, फीडर नसलेल्या भागात ३७ टक्के. थंडी उणे १८ अंशांखाली जायची तेव्हा हा फरक ठळक व्हायचा. म्हणजे कडाक्यात दाणे जीव वाचवतात. पण त्याच पक्ष्यांच्या रोजच्या ऊर्जेतला फीडरचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा होता. आणि वर्षानुवर्षं फीडरवर येणाऱ्या पक्ष्यांचा फीडर काढून घेतल्यावर ते पुढच्या हिवाळ्यात, कधीच फीडर न पाहिलेल्या पक्ष्यांइतकेच जगले. पक्षी आपल्यावर अवलंबून असतो हा आपला गोड गैरसमज आहे. तो बऱ्याच घरांचे चक्कर मारत असतो, आणि तुमचं बंद दिसलं तर पुढे जातो.

हे एकदा मान्य केलं की पुढचा निर्णय सोपा होतो. बागेत फुगून बसलेला, गिळता न येणारा, लाळ गळणारा पक्षी दिसला की दाणे थांबवायचे. निदान दोन आठवडे, आणि त्यानंतरही आजारी पक्षी दिसत असतील तर आणखी. पाण्याचं भांडंही रिकामं करून कोरडं ठेवायचं. गर्दी पांगली की उष्टं वाटलं जायचं थांबतं. औषध पाण्यात घालून द्यायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. पाळीव कबुतरांसाठी अशी औषधं आहेत, पण रानपक्ष्यांच्या बाबतीत कोणता पक्षी किती पितो यावर काहीच ताबा नसतो. आजाऱ्याला कमी पडतं, निरोग्याच्या पोटात विनाकारण जातं. तो मार्ग सोडलेलाच बरा.

आजार नसतानाही फीडर आठवड्यातून एकदा पूर्ण सोडवून, बाटलीच्या ब्रशनं आतून-बाहेरून घासायचा. भोकांच्या कडा आणि तळाची ताटली यांकडे जास्त लक्ष द्यायचं, कारण भिजलेला भुसा तिथेच दडून बसतो. पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवून भरपूर पाण्यानं धुवायचा. आणि मग पूर्ण वाळू द्यायचा. लोक नेमकं हे शेवटचं पाऊल टाळतात. घाईत ओल्या नळीतच बिया ओततात, त्या तळाशी चिकटून बुरसतात. वाळवणं हेच या परजीवीविरुद्धचं सर्वांत स्वस्त औषध आहे, म्हणून दोन फीडर ठेवून आलटून पालटून टांगणं सोयीचं पडतं. फीडरची जागाही अधूनमधून बदलायची, म्हणजे खालच्या मातीत विष्ठा आणि टरफलं साचत नाहीत. हातमोजे घालायचे नि घासायचा ब्रश स्वयंपाकघरातला वापरायचा नाही. हा परजीवी माणसाला होत नाही, पण फीडरवर साल्मोनेलाही असू शकतो आणि तो होतो.

दाणे किती घालायचे? एक-दोन दिवसांत संपतील एवढेच. भरलेला फीडर बघायला छान वाटतं, हे मान्य. पण आठवडाभर भरलेला राहणारा फीडर म्हणजे बहुतेक वेळा तळाशी कुजणारा फीडर असतो.

सपाट फळीबद्दल मात्र मी बोटचेपेपणा करणार नाही. ती काढून टाकावी. २०२५ च्या जानेवारीत ब्रिटनच्या आरएसपीबीनं, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या पक्षीसंरक्षण संस्थेनं, सपाट पृष्ठभागाच्या बर्ड टेबलची आपल्याकडची विक्री थांबवली. स्वतःच्या दुकानातला माल एखादी संस्था रोगाच्या भीतीनं फळीवरून उतरवते, तेव्हा ती गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. नळीच्या फीडरवर पक्षी वेगवेगळ्या भोकांशी बसतात, विष्ठा अन्नात पडत नाही, कबुतराला बसायला जागा मिळत नाही. पण नळी म्हणजे निर्धोक असं समजू नये. १९९४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात हाउस फिंचचे डोळे सुजून बंद होऊ लागले. तो वेगळा रोग, मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचा. तिथे संसर्गाची जागा नळीचं भोकच ठरलं: सुजलेला डोळा भोकाच्या कडेला घासायचा आणि पुढचा पक्षी तिथेच डोकं घालायचा.

बागेला जागा असेल तर दाण्यांचा काही भार झाडांवर टाकता येतो, आणि ग्रीनफिंचच्या बाबतीत तर ते विशेष सोपं आहे. रानगुलाबाची लाल फळं त्याला फार आवडतात. जाड चोचीनं तो ती फोडतो, गर बाजूला सारतो आणि आतल्या बिया खातो. आयव्हीची फळं, हॉथॉर्नची फळं, टीझलची वाळलेली बोंडं हिवाळाभर टिकतात आणि झाडभर विखुरलेली असतात. एका फळावर एक पक्षी बसतो, ते संपलं की पुढच्या फांदीवर जातो. शरद ऋतूत बाग ‘स्वच्छ’ करायच्या उत्साहात लोक नेमकी ही बोंडं आणि फळं कापून टाकतात, आणि मग जानेवारीत फीडर आणायला बाजारात जातात. गुलाबाची छाटणी हिवाळा सरेपर्यंत लांबवली तर झुडपाचं काही बिघडत नाही.